पड टाकलेले रान

माळावरचे पक्षी वाचवायचे तर शेतीने मागे सरकले पाहिजे, असे मानणारे पक्षिप्रेमी आणि पक्ष्याचे नाव निघाले की आपली जमीन अडकली, असे मानणारे शेतकरी एकमेकांशी फारसे बोलत नाहीत. पण दोघांचे गृहीतक एकच असते. शेत आणि पाखरू एका रानात नांदू शकत नाही, हे ते गृहीतक. माझे गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पूर्वेला आहे. नोकरीमुळे साताऱ्यात राहत असलो तरी घरची जमीन तिकडेच आहे आणि तिला लागून गावचे गायरान आहे. त्या रानाकडे इतकी वर्षे बघितल्यावर माझे मत या दोघांच्याही विरुद्ध झाले आहे. आमच्याकडची माळावरची पाखरे शेतीला धरूनच जगत आली. मात्र ती शेती एका विशिष्ट चालीची होती, आणि आता मोडते आहे ती ही चाल.

सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर, जिथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, आणि दुसऱ्या टोकाला माण, जिथे पाचशेच्या आसपास पडला तरी वर्ष बरे गेले असे लोक म्हणतात. माण, खटावचा पूर्व भाग आणि पलीकडे सांगली जिल्ह्यातले आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हा सगळा सह्याद्रीच्या पाठीमागचा पर्जन्यछायेचा पट्टा आहे. ओढ्याकाठच्या काळ्या रानात शाळू आणि माळाच्या मुरमाड रानात बाजरी, तिच्यात मटकी किंवा हुलगा, ही इथली जुनी पेर. मुरमाड रान सालोसाल पीक देत नाही, म्हणून एक-दोन साल बाजरी घेतली की ते पड टाकायचे. पडीवर गवत यायचे, गवतावर मेंढरे यायची, तीच मेंढरे रात्री रानात बसवली की लेंडीखत मिळायचे आणि एक ते तीन वर्षांनी पुन्हा पाभर चालायची. त्यामुळे एकाच शिवारात, एकाच महिन्यात, बाजरीची सड राखलेला तुकडा, एक सालाची पड, तीन सालांची पड, मेंढरांनी खरवडलेले गायरान आणि वैरणीसाठी राखलेली कुसळीची गवतपट्टी असे सगळे शेजारी शेजारी असायचे. हे कोणी पाखरांसाठी मांडले नव्हते. गरिबीने आणि मुरमाने ते मांडले होते.

पाखरांनी मात्र त्यात आपापल्या जागा वाटून घेतल्या. धाविकाला जवळजवळ उघडी, खुरट्या गवताची जमीन लागते. तो चार पावले पळतो, थांबतो, मान खाली घालून किडा उचलतो आणि पुन्हा पळतो, आणि उंच गवतात त्याला हे करताच येत नाही. डोंबारी चंडोल आणि मुरारी सडीत आणि ढेकळांत असतात. पखुर्ड्या पडीतल्या तणांचे बारीक बी वेचतात आणि दिवस वर आला की ठरल्या पाणवठ्यावर थव्याने उतरतात. पिलांच्या दिवसांत नर पोटाची पिसे पाण्यात भिजवून तेच पाणी पिलांपर्यंत नेतो. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवते हे शिकारी पक्षी दिवसभर शाळूच्या रानावरून आणि माळावरून नाकतोडे टिपत तरंगतात, पण रात्री त्यांना जमिनीवर बसायला गुडघाभर गवत लागते. यातला एकही पक्षी निव्वळ गवताचा नाही आणि निव्वळ शेताचाही नाही. त्यांना सरमिसळ लागते.

उन्हाळ्यातल्या पडीकडे जवळून पाहायचे तर माळटिटवीचे घरटे पाहावे. घरटे म्हणजे काय, तर मुरमात छातीने केलेला बशीएवढा खळगा, त्यात भोवतालचेच चार खडे आणि त्या खड्यांच्या रंगाची, करड्या ठिपक्यांची चार अंडी, ज्यांची निमुळती टोके आतल्या बाजूला जुळवलेली असतात. चैत्र-वैशाखात ती अंडी उबवायची नसतात तर थंड ठेवायची असतात, म्हणून नर आणि मादी आळीपाळीने त्यांच्यावर सावली धरून उभे राहतात आणि जवळ पाणी असेल तर पोट भिजवून येऊन बसतात. माझे चुलते, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, उन्हाळी नांगरट करताना अशी अंडी दिसली की बैलांना थांबवत, नांगर उचलून हातभर पुढे टेकवत आणि तास पुरे करत. यात त्यांना दयाधर्म वगैरे काही वाटत नसे. विचारले तर म्हणत, "आरं, तेवढ्या जाग्यात काय पायलीभर बाजरी पिकणार हाय व्हय?" बैलामागे चालणाऱ्या माणसाच्या नजरेला अंडे दिसते. आता तात्यांच्याही रानात तासावर सांगितलेला ट्रॅक्टर येतो, तो पुष्कळदा रात्री दिवे लावून येतो, कारण दिवसा त्याला दुसऱ्या वस्तीवर जायचे असते, आणि रोटाव्हेटरखाली काय गेले हे चालवणाऱ्याला कळण्याचा प्रश्नच नसतो. त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही. अंड्यांतून पिले बाहेर पडायच्या आत नांगरट करायची की नंतर, हा निर्णय त्याच्या हातात नसतो.

हा निर्णय कोणाच्या हातात असावा आणि त्याचे पैसे कोणी द्यावेत, या प्रश्नावर युरोपात बरेच काम झाले आहे, आणि ते वाचताना मला आपल्याच शिवाराची आठवण येत राहते. पोर्तुगालच्या दक्षिणेला कास्त्रो व्हेर्दे नावाचा कोरडवाहू प्रदेश आहे. तिथली जमीन हलकी, पाऊस बेताचा. गहू किंवा ओट एक-दोन साल घ्यायचे आणि मग दोन-तीन साल रान पड टाकून त्यावर मेंढ्या चारायच्या, ही तिथली परंपरा. म्हणजे बाजरीच्या जागी गहू वाचला की झाला माण. या रानांत युरोपातला मोठा माळढोक, छोटा माळढोक आणि छोट्या ससाण्यांच्या जाती टिकून होत्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे कागदाच्या लगद्यासाठी निलगिरी लावण्याची लाट आली, तेव्हा एका निसर्गसंस्थेने 1993 पासून लागवडीत जाऊ घातलेल्या काही जमिनी विकत घेतल्या. एवढ्यावर ती थांबली असती तर गोष्ट लहानच राहिली असती, कारण विकत घेऊन किती जमीन घेणार? खरे काम 1995 पासून सुरू झाले, जेव्हा पड टाकण्याची जुनी फेरपालट चालू ठेवणाऱ्या शेतकऱ्याला त्याबद्दल मोबदला देण्याची योजना आली. पोर्तुगालमधले बहुसंख्य मोठे माळढोक आज या एकाच भागात आहेत, आणि 2017 मध्ये युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की तिथे पक्ष्यासाठी शेती बंद केली गेली नाही. शेती बंद पडू नये आणि तिची जात बदलू नये यासाठी पैसे दिले गेले.

पश्चिम फ्रान्समधले उदाहरण आणखी बारीक आहे. तिथे छोट्या माळढोकाची मादी लसूणघासाच्या रानात अंडी घालते, कारण आसपासच्या सलग धान्यशेतीत तेवढाच एक हिरवा, न नांगरलेला तुकडा उरलेला असतो. पण लसूणघास वर्षातून अनेकदा कापतात, आणि अंडी उबायला लागणारे दिवस दोन कापण्यांच्या मधे मावत नाहीत. जी पिले वाचत ती कीटकनाशकांमुळे नाकतोडे उरले नसल्याने उपाशी मरत. अभ्यासकांनी या दोन्ही गोष्टी आधी मोजल्या आणि मग शेतकऱ्यांशी करार केले : अमुक तुकड्यावर अमुक महिने कापणी नाही, फवारणी नाही, आणि वैरणीचे जे नुकसान होईल त्याचे पैसे रोख. जवळपास संपत आलेली तिथली संख्या त्यानंतर पुन्हा वाढू लागली. याच मुलखात गव्हात घरटे करणाऱ्या भोवत्यांसाठी स्वयंसेवक कापणीच्या आधी रानोमाळ फिरून घरटी शोधतात, भोवती जाळी लावतात आणि कापणीयंत्र तेवढा तुकडा सोडून जाते. तात्या बैल थांबवून जे करत होते, तेच काम तिथे करारपत्र आणि जाळी करते.

आपल्याकडे माळढोकाच्या बाबतीत आपण नेमकी उलटी वाट धरली. 1979 मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर होते. त्यात गावेच्या गावे, शहरांचे भाग, उसाची राने, साखर कारखाने असे सगळे आले. खासगी जमिनीच्या व्यवहारांवर, बांधकामांवर बंधने आली, आणि ज्या शेतकऱ्याने जन्मात माळढोक पाहिला नव्हता त्याला मुलीच्या लग्नासाठी एकरभर रान विकताना माळढोक आडवा आला. पुढे हे क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणावे लागले, पण मधल्या काळात माणसांच्या मनात पक्ष्याविषयी जी अढी बसली ती नकाशा बदलून निघाली नाही. मध्य प्रदेशातल्या करेराची कथा याहून बोलकी आहे. तिथे 1981 मध्ये अभयारण्य झाले, खासगी शेतजमीन त्यात अडकली, गावे विरोधात गेली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथला माळढोक संपला. मी ही दोन्ही उदाहरणे अभयारण्याच्या कल्पनेविरुद्ध देत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजला वनविभागाने राखलेले गवताचे तुकडे नसते तर तो पक्षी आणखी आधी गेला असता, यात मला शंका नाही. पण ज्या पक्ष्याचा अर्धा संसार शेतकऱ्याच्या रानात चालतो, त्याला शेतकऱ्याशी भांडून वाचवता येत नाही.

आज देशभरात माळढोक दीडशेच्या आसपास उरले असावेत असा अंदाज आहे आणि त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला आहेत. मादी बहुधा एकच अंडे घालते, नर पंधरा किलोपर्यंत भरतो, आणि एवढा जड पक्षी समोरचे नीट दिसत नसताना उडतो, कारण त्याची नजर बाजूंना चांगली आणि पुढे अरुंद असते. विजेची तार त्याला दिसते तेव्हा वळायला वेळ उरलेला नसतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये त्याच्या अधिवासातल्या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला आणि मार्च 2024 मध्ये, सौर आणि पवनऊर्जेची गरज लक्षात घेऊन, तो सरसकट आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. पैदास केंद्रांत पिले वाढत आहेत, हे चांगलेच आहे. ती मोठी झाल्यावर सोडायची कुठे, हा प्रश्न मात्र पुन्हा पडीपाशीच येऊन थांबतो.

तणमोर या माळढोकाच्याच कुळातल्या लहान पक्ष्याची गोष्ट यामानाने अजून हातची गेलेली नाही. पावसाळ्यात काळ्या-पांढऱ्या पिसांचा नर गवतातून किंवा मूग-ज्वारीच्या पिकातून पुरुषभर उंच उडी मारतो आणि पुन्हा खाली बसतो. मादीला दिसावे म्हणून तो दिवसातून कित्येक शेकडा वेळा हे करतो, आणि शिकाऱ्यालाही तो त्याच उडीने सापडत आला. राजस्थानात अजमेरच्या बाजूला तो पिकांतच वीण करतो. विदर्भात अकोला-वाशीम भागात फासेपारधी समाजातल्या लोकांनी, ज्यांच्या वाडवडिलांनी फासे लावून हेच पक्षी धरले, गवताची राने राखण्याचे काम हाती घेतले आहे. पक्षी कुठे बसतो, कधी उठतो, कोणत्या गवताला कधी बी धरते, हे ज्याला पोटासाठी शिकावे लागले त्याच्याइतका चांगला राखणदार कोणत्या परीक्षेतून निवडून येणार?

आमच्या भागात माळावर सध्या तीन गोष्टी एकदम येत आहेत, आणि तिन्हींच्या मागे चांगले कारण आहे. म्हणूनच त्यांच्याविषयी बोलणे अवघड जाते.

पहिले पाणी. टेंभूच्या योजनेने कृष्णेचे पाणी आटपाडीपर्यंत आले, म्हैसाळचे जतकडे गेले, उरमोडीचे माण-खटावात आले. ज्या माणसाने छावणीत जनावरे बांधली, टँकरमागे घागरी घेऊन धावत आयुष्य काढले, त्याने पाणी आल्यावर मुरमात डाळिंब लावू नये असे त्याला सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि तसे सांगणाऱ्या शहरातल्या माणसाचा मला रागच येतो. पण पाण्याबरोबर पड जाते, हे खरे आहे. बागेला फेरपालट नसते, तिच्यात मेंढरू शिरू देत नाहीत आणि फवारणीला खंड नसतो. पाणी न पोचणाऱ्या उंच माळांवर तरी जुनी चाल राहावी, एवढीच अपेक्षा करता येते.

दुसरी वीज. साताऱ्याच्या पश्चिमेला चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्याला आता बरीच वर्षे झाली. ते पठार आमच्या माळासारखे नाही, ते जांभ्याचे आणि पावसाचे आहे. तरी तिथे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेला आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आमच्या कामाचा आहे. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. त्यामुळे गळ्याला रंगीत झालर असलेल्या तिथल्या सरड्यांची संख्या वाढली, त्यांच्या रक्तातली भीतीची द्रव्ये कमी झाली, पण गर्दीत खाणे पुरेना म्हणून ते हडकुळे झाले आणि नरांच्या गळ्याचा रंगही फिका पडला. घारी-ससाण्यांच्या आकाशात पाते फिरले की जमिनीवरच्या सरड्याचा गळा फिका होतो, इतकी ही साखळी लांब जाते. आता पूर्वेकडे सौरप्रकल्प गायरानांवर येत आहेत. शेतीला दिवसा वीज मिळावी हा मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू आहे, आणि बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीत रात्री दोनला मोटार चालू करायला गेलेल्या कोणालाही तो पटेल. माझे म्हणणे जागेविषयी आहे. प्रत्येक गावात वेडी बाभूळ माजलेली, गवताची काडीही न उगवणारी दहा-वीस एकर सरकारी जमीन असते. ती साफ करून पाट्या तिथे लावाव्यात आणि चांगल्या गवताचा तुकडा सोडावा, एवढे तारतम्य मोजणीच्या वेळीच दाखवता येईल. सध्या मोजणी करणाऱ्याला दोन्ही जमिनी सारख्याच दिसतात, कारण कागदावर दोन्ही पडीकच असतात.

तिसरी झाडे. यावर बोललो की गावात लोक माझ्याकडे संशयाने बघतात. माळ उघडा दिसला की त्यावर खड्डे घ्यायचे आणि गिरीपुष्प, सुबाभूळ, जे मिळेल ते लावायचे, याला पुण्यकर्माचे स्थान आले आहे. ओढ्याच्या काठाने, रस्त्याच्या कडेने, शाळेभोवती झाडे लावली तर त्यासारखे काही नाही. पण जिथे हातभर मुरूम आणि खाली कातळ आहे, तिथे हजारो वर्षे गवतच होते. खड्ड्यांसाठी जेसीबीने तो थर उलटा केला की झाड तर तिसऱ्या उन्हाळ्यात वाळतेच, पण पवन्या आणि मारवेलही परत येत नाही. येते ती टणटणी आणि गाजरगवत. जगलेच झाड तर त्यावर कावळा आणि घार बसते आणि टिटवीच्या पिलांवर पाळत ठेवते. 2023 च्या देशव्यापी पक्षिअहवालाने उघड्या माळांवर आणि गवताळ रानांवर अवलंबून असणाऱ्या पक्ष्यांची घसरण सर्वांत चिंताजनक ठरवली आहे. नीलपंख, जो आमच्याकडे तारेवर सर्रास बसलेला असायचा, त्याच्या घसरणीकडेही त्या अहवालाने बोट दाखवले आहे.

या सगळ्यात ज्याचे नाव कोणी घेत नाही तो मेंढपाळ. माळ राखण्याचे काम फुकटात करणारा तोच एकटा आहे. माडग्याळच्या उंच, बाकदार नाकाच्या मेंढ्या असोत की साध्या दख्खनी, त्या एका जागी राहत नाहीत. कळप पुढे सरकतो आणि मागे कुठे खुरटे, कुठे गुडघाभर असे गवत उरते. मेंढरे कायमची एका गायरानात कोंडली की तेच गायरान उजाड होते, आणि गायराने कमी झाल्यामुळे आता नेमके हे होत आहे. त्यामुळे मेंढरांनी माळ खाल्ला असे म्हणणारे लोक परिणामाला कारण समजतात. मेंढ्या बसवण्याचे पैसे शेतकरी अजूनही देतात, कारण रासायनिक खताचे पोते महागले आहे. माझ्या मते आमच्या भागातल्या पक्षिसंवर्धनाची सुरुवात इथून व्हावी : कोरडवाहू शेतकऱ्याने हलके रान तीन साल पड टाकले आणि त्यात मेंढरे बसवली तर एकरी काही रक्कम त्याला मिळावी, आणि अट एकच असावी की फाल्गुन ते ज्येष्ठ त्यात नांगर घालायचा नाही. ठिबकला अनुदान आहे, शेततळ्याला आहे, फळबागेला आहे. पड हेही उत्पादन आहे, असे मानले तर तिच्यासाठी लेखाशीर्ष काढणे सरकारला कठीण नाही.

हे मोठे झाले. लहान प्रमाणात आमच्या गावात गेल्या पावसाळ्याआधी एक गोष्ट घडली. जैवविविधता कायद्यानुसार गावाची जी नोंदवही असते, तिच्यात पक्ष्यांच्या पानावर मोर, पोपट, चिमणी, कावळा अशी नावे होती. ती वाढवायला मी तात्यांना आणि एका म्हाताऱ्या मेंढक्याला बसवले, आणि दोघांनी चहा गार होईपर्यंत नुसती नावे सांगितली. कोणते पाखरू कोणत्या रानात आणि कोणत्या महिन्यात अंडी घालते, हेही सांगितले. ग्रामसभेत गायरानावरच्या वृक्षलागवडीचा विषय निघाला तेव्हा मी ते पान वाचून दाखवले आणि वरचा माळ लागवडीतून वगळावा असे सुचवले. खड्डे मंजूर झालेत, निधी परत जाईल, असे उत्तर आले. मेंढक्याने एवढेच विचारले, "वगळलं तर मेंढरं सोडायची का न्हाईत?" सोडायची, असे ठरल्यावर त्याच्या भावकीचे हात वर गेले, आणि शेवटी खड्डे ओढ्याच्या काठाला आणि रस्त्याकडेला घ्यावेत असा ठराव झाला. वरच्या माळाचा निम्मा भाग त्यातून सुटला. उरलेल्या निम्म्यावर सौरप्रकल्पाची मोजणी होऊन गेली आहे. वेडी बाभूळ असलेला खालचा गट त्याऐवजी द्यावा, असा अर्ज आम्ही तहसीलला दिला असून त्याला नोंदवहीच्या त्या पानाची प्रत जोडली आहे.